भात सोडला, साखर सोडली, तरी शुगर उतरत नाही

प्रश्न: मी ४३ वर्षांची आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते, नोकरी मुंबईत फोर्टला. आठ महिन्यांपूर्वी ऑफिसच्या तपासणीत डायबिटीस निघाला. तेव्हापासून साखर बंद, भात बंद, बटाटा बंद. सकाळी मेथीचं पाणी घेते. मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा चालू आहे. तरी उपाशीपोटीची शुगर १५० च्या खाली येत नाही आणि मागच्या आठवड्यात एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, ८.२ आली. उंची पाच फूट दोन इंच, वजन ६० किलो, म्हणजे जाड म्हणावी अशीही मी नाही. कंबर मात्र ३५ इंच आहे. सगळे सांगतात चालायला जा. पण सव्वापाचला उठून डबे करून ७.२० ला घर सोडते, परत यायला साडेआठ होतात, जेवायला दहा. माझं नेमकं काय चुकतंय? आणि ही गोळी आता जन्मभर का?

उत्तर: ताई, आठ महिने तुम्ही मनापासून पथ्य पाळलंत हे स्वच्छ दिसतंय. एवढं करूनही आकडा हलत नाही म्हटल्यावर माणूस एकतर आणखी काहीतरी बंद करतो, नाहीतर वैतागून सगळंच सोडून देतो. तुमचं यातलं काहीच होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते. नौपाड्यात मी सव्वीस वर्षं डायबिटीसचे पेशंट बघते आहे. सकाळची लोकल पकडणाऱ्या आणि रात्री पर्स ठेवून थेट ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बायका त्यांत खूप आहेत, त्यामुळे तुमचा दिवस मला बराचसा न सांगता कळतो. मला वाटतं, तुम्ही काय सोडायचं याचा विचार भरपूर केलात. दिवसातल्या कुठल्या वेळी काय होतं, इकडे मात्र अजून कोणी तुमचं लक्ष वेधलेलं नाही.

आधी भाताचं बोलू. भात बंद केल्यावर पोळ्या किती झाल्या? हे विचारलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "दोनच्या चार झाल्या असतील." मध्यम पोळीत साधारण १५ ते १८ ग्रॅम कर्बोदकं असतात, छोट्या वाटीभर शिजलेल्या भातात २५ ते ३०. भात काढून दोन पोळ्या वाढवल्या तर हिशेब होता तिथेच राहतो, आणि वर जेवल्याचं समाधान जातं ते वेगळंच. ज्वारीची भाकरी चांगली, तिच्यात चोथा जास्त. पण हातावर थापलेल्या मोठ्या भाकरीत दोन पोळ्यांचं पीठ असतं. नाचणी चांगलीच, पण आंबील करून गटागट प्यायली तर शुगर भराभर चढते. गुळाचा चहा हा साखरेचाच चहा. चहाबरोबरची मारी बिस्किटं आणि 'डायबेटिक' म्हणून मिळणारी महाग बिस्किटं, दोन्ही मुळात पिठाचीच. भात तुम्हाला आवडत असेल तर दुपारी अर्धी वाटी खुशाल घ्या आणि त्या जेवणातली एक पोळी कमी करा. कोकणातल्या घरात वाढलेल्या बाईला जन्मभर भात तोडायला सांगणं मला पटत नाही, आणि ते पथ्य टिकतही नाही.

आता उपाशीपोटीच्या १५० विषयी. रात्रभर काही खाल्लेलं नसताना ही साखर येते कुठून, असं सगळे विचारतात. ती तुमच्या लिव्हरमधून येते. आपण झोपलेलो असताना मेंदूला आणि बाकी शरीराला इंधन मिळावं म्हणून लिव्हर साठवणीतली साखर थोडी थोडी रक्तात सोडत असतं. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीला लागतं, काही हार्मोन्स वाढतात आणि ही सोडणूकही वाढते. इन्शुलिन नीट काम करत असेल तर ते लिव्हरला आवरतं. तुमच्या बाबतीत लिव्हर त्याचं ऐकत नाही. पोटावर आणि लिव्हरमध्ये चरबी असेल तर ऐकत नाही, झोप कमी असेल तर ऐकत नाही, आणि रात्री दहाला भरपेट जेवून पावणेबाराला आडवं झालं तर त्या जेवणाची साखर निस्तरेपर्यंतच पहाट होते. सव्वापाचला उठता म्हणजे झोप जेमतेम साडेपाच तास. हा १५० चा आकडा सकाळच्या मेथीच्या पाण्याने उतरायचा नाही, कारण तो आदल्या संध्याकाळपासून तयार होत आलेला आहे. मेथीत विरघळणारा चोथा असतो, त्याचा थोडा उपयोग होतो. घ्या, हरकत नाही. पण त्याच्या भरवशावर राहू नका आणि त्याच्यासाठी गोळी चुकवू नका.

म्हणून माझं पहिलं लक्ष संध्याकाळकडे जातं. दुपारचा डबा एकला झाला. त्यानंतर पाचला चहा आणि दोन बिस्किटं. साडेसहाला ऑफिस सोडलं, गाडीत उभ्याने तासभर, ठाणे स्टेशनला उतरेपर्यंत पोटात खड्डा पडलेला. तिथे बाहेर पडल्यावर गरम वड्याचा वास येतो. तिथे मोह आवरला तरी पुढे माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये पर्समधला चिवडा निघतो. घरी आल्यावर कुकर होईपर्यंत तोंडात काहीतरी जातं. एवढ्या भुकेल्या माणसाने दहाला दोनच पोळ्यांवर थांबावं अशी अपेक्षा करणंच चूक आहे. त्यापेक्षा ऑफिस सोडायच्या आधी, सहाच्या सुमारास, बसून नीट काहीतरी खा: मूठभर फुटाणे आणि थोडे शेंगदाणे, किंवा सकाळीच डब्यात बाजूला काढलेली वाटीभर मटकीची उसळ, किंवा चालत असेल तर उकडलेलं अंडं. बरोबर बिनसाखरेचं ताक. हे एवढं पोटात असलं की वड्याचा वास येतो, पण पाय थांबत नाहीत. माझ्या कितीतरी पेशंटची रात्रीची शुगर या एका बदलाने हलली आहे, म्हणून मी इतक्या आग्रहाने सांगते.

मग रात्रीचं जेवण. ते साडेआठ-पावणेनऊला व्हायला हवं, आणि दिवसभरातलं सगळ्यात हलकं. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा भाजी खा, पोळी त्यानंतर. याच क्रमाने जेवलं तर तेच जेवण शुगर कमी चढवतं, आणि त्याला एक पैसा पडत नाही. उरलेला मोठा बदल मात्र तुम्हाला एकटीला जमणार नाही.

हे मला मोकळेपणाने लिहायचं आहे. घरातल्या पुरुषाला डायबिटीस निघाला की महिनाभरात सगळं स्वयंपाकघर बदलतं. तेल बदलतं, पीठ बदलतं, त्यांच्या वेळेला त्यांचं ताट तयार असतं. बाईला निघाला की ते तिचं 'वेगळं' होतं. सगळ्यांचं करून झाल्यावर वेळ उरला तर ती आपल्यापुरती भाजी परतते, नाहीतर जे आहे त्यात भागवते. आणि एक गोष्ट कुठल्याच डाएटच्या कागदावर लिहिलेली नसते. एका पेशंटला मी तीन दिवस तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहून काढायला सांगितलं. जेवणं अगदी आखीव होती. पण तिसऱ्या दिवशी तिने खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मुलाच्या ताटातला उरलेला वरणभात, कढईतला शेवटचा शिरा दोन चमचे, सकाळच्या दोन पोळ्या वाया जातील म्हणून एक.' ते वाचून तिला स्वतःलाच रडू आलं. तिने भात 'खाल्ला' नव्हता, ती तो संपवत होती. तुमच्याकडे असं होतं का, ते प्रामाणिकपणे बघा. होत असेल तर उरलेलं अन्न डब्यात घालून फ्रिजमध्ये टाका, उद्या बघता येईल. आणि मिस्टरांना, मुलांना सांगा की साडेसातला कुकर लावणं आणि काकडी-गाजर चिरणं आता त्यांच्याकडे. मदत म्हणून मागू नका. हा तुमच्या औषधोपचाराचा भाग आहे, आणि हे मी डॉक्टर म्हणून लिहून देते आहे.

तुम्ही म्हणता, मी जाड नाही. आपल्या लोकांच्या बाबतीत वजनकाटा फसवतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपली ठेवण. तुमचा बीएमआय २४ च्या थोडा वर येतो. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन धरतात, आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं मानतात. तुमची ३५ इंच म्हणजे जवळजवळ ८९. दहा किलो उतरवायची काही गरज नाही, चार-पाच किलो आणि कंबरेचे दोन-तीन इंच गेले तरी खूप फरक पडेल. एक मात्र सांभाळा: काही न करता वजन आपोआप भराभर उतरायला लागलं आणि तहान, लघवी वाढली, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. तेव्हा डायबिटीसचा प्रकारच वेगळा असू शकतो.

चालण्याचं बघू. आठवड्याला १५० मिनिटं असं आम्ही सांगतो, आणि ती तलावपाळीला किंवा उपवनलाच, पहाटे, पांढरे बूट घालूनच व्हायला पाहिजेत असं लोक धरून चालतात. स्नायू हलायला लागले की ते रक्तातली साखर इन्शुलिनची वाट न बघता आत ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर लगेचची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात कामाची. सीएसएमटीहून ऑफिसला चालत जा, डबा झाल्यावर दहा मिनिटं खाली फेरी मारा, रात्री जेवून सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं. घरातल्या कोणालातरी बरोबर घ्या, ती वेळ गप्पांचीही होते. गाडीची वाट बघताना प्लॅटफॉर्मवर टाचा वीस वेळा वर-खाली करा. ऑफिसात अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीतून उठा. आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंसाठी काहीतरी: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन वर उचलणं. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. आपल्याकडच्या बायका हे टाळतात, आणि आपल्यालाच याची सगळ्यात जास्त गरज आहे.

हे सगळं तुमच्या बाबतीत किती लागू पडतंय ते कसं कळायचं? त्यासाठी घरचं मीटर घ्या आणि जोडीने तपासा. जेवणाआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी एकदा. एकट्या आकड्यातून फारसं कळत नाही, दोन आकड्यांमधल्या फरकातून ते जेवण कळतं. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे येतात. त्यांनी शंभरपानी वही केली आहे, डाव्या पानावर काय खाल्लं, उजव्या पानावर दोन आकडे. भरलेली डिश कांदेपोहे: ११२ चे २२१. आठवड्याने निम्मे पोहे, वर वाटीभर मोड आलेली मटकी: १०८ चे १६४. "डॉक्टर, तुम्ही चार वर्षं सांगत होतात, मला आत्ता कळलं," असं ते म्हणाले. आता त्यांना कोणी काय खावं ते सांगावं लागत नाही. तुम्हीही जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत, असं धरून चाला.

तपासताना हात साबणाने धुवून कोरडे करा. गंमत वाटेल, पण मे महिन्यात एका आजींचा फोन आला, शुगर ३१० दाखवतंय, आवाज कापत होता. मी विचारलं, आत्ता काय करत होतात? नातवाला आंबा चिरून देत होत्या. हात धुवून परत बघितलं, १४२. सुई बोटाच्या टोकाला नको, कडेला टोचा, दुखत नाही. मीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या खोटे आकडे देतात. पट्ट्या स्वस्त नाहीत, म्हणून रोज टोचत बसू नका. आठवड्याला तीन-चार जोड्या पुरे.

सणांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून लिहिते. गणपतीत उकडीचा मोदक खा. एक, जेवणाच्या शेवटी, आणि त्या जेवणातला भात वगळून. प्रसादाला नाही म्हणू नका, चमचाभर घ्या. खरा घोळ उपासाचा आहे. संकष्टीला दिवसभर पोटात काही नाही आणि मध्ये डिशभर साबुदाण्याची खिचडी, हे शुगरसाठी फार वाईट. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. वरईची तीच गोष्ट, थोडी बरी एवढंच. उपास करा, पण राजगिऱ्याची छोटी भाकरी, दही, काकडी, लाल भोपळ्याची भाजी, दाण्याची आमटी यांवर करा. आंब्याच्या दिवसांत हापूसच्या दोन-तीन फोडी संध्याकाळच्या खाण्याच्या वेळी. आमरसाची वाटी मात्र नको.

आता गोळी. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरमधून सुटणाऱ्या साखरेवरच काम करते, म्हणजे तुमच्या नेमक्या दुखण्यावर. ती सोडू नका. आठ महिन्यांनी एचबीए१सी ८.२ असेल तर डोस वाढवणं किंवा दुसरी गोळी जोडणं हा विचार तुमच्या डॉक्टरांनी करणं योग्यच आहे. दुसरी गोळी मिळाली म्हणजे आपण नापास झालो असं समजून घरी येऊन रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ताई, शुगर दोन वर्षं चढी ठेवण्यापेक्षा आज गोळी वाढलेली कधीही चांगली. दोन तपासण्या त्यांना विचारून करून घ्या. एक, हिमोग्लोबिन आणि लोह: पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल आणि लोह कमी असेल, तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. दुसरी बी१२, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यावर ते कमी होऊ शकतं आणि मग पायाला मुंग्या येतात, ज्या लोक डायबिटीसच्या खात्यावर टाकतात.

एकट्या मेटफॉर्मिनने शुगर धोकादायक खाली जाणं सहसा होत नाही. पण पुढे ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्शुलिन वाढवणारी गोळी किंवा इन्शुलिन सुरू झालं तर पर्समध्ये ग्लुकोजची पुडी कायम ठेवा. गर्दीच्या डब्यात दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर तोंडात, पंधरा मिनिटांनी परत तपासा. ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर चढायला उशीर लागतो. बरोबरच्या मैत्रिणींना आपल्याला डायबिटीस आहे हे माहीत असू द्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

जन्मभर का, याचं प्रामाणिक उत्तर असं आहे. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, त्याचे निकाल २०१७ मध्ये आले. डायबिटीस होऊन सहा वर्षं झाली नव्हती अशा जास्त वजनाच्या लोकांनी देखरेखीखाली काटेकोर आहार घेऊन वजन उतरवलं, आणि वर्षअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय डायबिटीसच्या रेषेखाली होती. १५ किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. तुमची ठेवण त्या लोकांपेक्षा वेगळी, म्हणून तेच आकडे तुम्हाला लावत नाही. पण तुम्हाला निघून आठच महिने झालेत, हे तुमच्या बाजूचं आहे. गोळी कमी होऊ शकते, काहींची थांबतेही. ती कधी थांबवायची हे मात्र आकडे बघून डॉक्टर ठरवतील.

वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, आणि पायांची संवेदना. आठ महिन्यांत यातलं काही झालं नसेल तर या महिन्यात उरका, कारण डायबिटीस सापडायच्या आधी तो काही वर्षं मुक्कामाला असतो. पाय रोज रात्री धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, तळवा आरशात बघा. पावसात घोडबंदरला तुंबलेल्या पाण्यातून तुम्ही चालता, ऑफिसात दिवसभर ओले बूट पायात, त्याने चिखल्या होतात आणि त्या भेगांतून जंतू आत जातात. ऑफिसच्या खणात एक कोरडी चप्पल आणि छोटा टॉवेल ठेवून द्या.

या आठवड्यात बाकी सगळं आहे तसं राहू दे. सहाचं खाणं सुरू करा, जेवण नऊच्या आत आणा, जेवून पंधरा मिनिटं चाला आणि अकराला दिवा बंद करा. सोमवार, बुधवार, शनिवार रात्रीच्या जेवणाची जोडी आणि दुसऱ्या दिवशी सकाळची उपाशीपोटीची, असे नऊ आकडे वहीत लिहा. तीन आठवड्यांनी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि जाताना मिस्टरांना बरोबर न्या.